झोपेत कमावलेले वीस हजार डॉलर: वुल्फपेक आणि 'स्लीपिफाय'चं प्रकरण

२०१४ च्या मार्चमध्ये वुल्फपेक नावाच्या अमेरिकन फंक (बास आणि ठेक्यावर चालणारं नाचरं संगीत) बँडने स्पॉटिफायवर एक आल्बम टाकला, नाव 'स्लीपिफाय'. दहा ट्रॅक, प्रत्येक साधारण ३१-३२ सेकंदांचा, आणि आवाज शून्य. हळू आवाज वगैरे नाही, पंख्याची घरघर पण नाही, काहीच नाही. पहिल्या ट्रॅकचं नाव म्हणजे इंग्रजीतला एक झेड, दुसऱ्याचं दोन झेड, तिसऱ्याचं तीन, असं करत करत दहाव्याला दहा झेड, कॉमिक्समध्ये घोरणाऱ्या माणसाच्या डोक्यावर काढतात तसे. बँडचा म्होरक्या जॅक स्ट्रॅटन याने सोबत एक व्हिडिओ टाकला, त्यात तो अगदी सरळ चेहऱ्याने सांगतो की रात्री झोपताना हा आल्बम रिपीटवर लावून ठेवा, त्यातून जे पैसे येतील त्यावर आम्ही टूर करू, टूरला तिकीट नसेल, आणि जिथे हा जास्त वाजेल तिथे आम्ही येऊ.

एवढंच प्रकरण. पण यात इंडी, म्हणजे मोठ्या कंपनीशिवाय चालणाऱ्या बँडचा धंदा, स्ट्रीमिंगचं गणित आणि लोकांना आपल्या बाजूला कसं ओढायचं हे सगळं इतकं एका जागी सापडतं की नीट उलगडून बघावंसं वाटतं. बहुतेक लोक याला 'स्पॉटिफायला कसं गंडवलं' अशा किश्श्यासारखं सांगतात, मला त्यातली गंडवण्याची बाजू सगळ्यात कमी इंटरेस्टिंग वाटते.

आधी ही मंडळी कोण ते सांगतो. मिशिगन राज्यातल्या अ‍ॅन आर्बरची, युनिव्हर्सिटी ऑफ मिशिगनमध्ये भेटलेली पोरं, २०११ पासून एकत्र. स्ट्रॅटन, बासवर जो डार्ट, कीबोर्डवर वूडी गॉस, गिटार आणि ड्रम दोन्हीकडे फिरणारा थिओ कॅट्झमन. डोक्यात कल्पना अशी की साठ-सत्तरच्या दशकात अमेरिकेत स्टुडिओत बसून दुसऱ्यांच्या गाण्यांना साथ करणारे जे रिदम सेक्शन असायचे, तसा एखादा जर्मनीत असता तर कसा वाजला असता. म्हणून ते जर्मन वाटणारं नाव. लेबल म्हणजे रेकॉर्ड कंपनी नाही, मॅनेजर नाही. व्हिडिओ म्हणजे एक खोली, त्यात दाटीवाटीने बसलेले चौघे, जो टेक रेकॉर्ड झाला तोच पडद्यावर. ओठ हलवणं नाही, नाच नाही, पावसात भिजणारी हिरॉइन तर नाहीच नाही. २०१४ पर्यंत काही छोटे रेकॉर्ड निघालेले, यूट्यूबवर बासवाल्या पोरांमध्ये नाव झालेलं, पण टूर काढायची म्हणजे गाडी, पेट्रोल, राहणं, जेवण, हॉलचं भाडं, आणि खिशात विशेष काही नाही. पुण्यामुंबईतल्या कुठल्याही बँडला हे वेगळं समजावून सांगायची गरज नाही.

आता त्या वेळचं वातावरण. २०१३ च्या उन्हाळ्यात रेडिओहेड या ब्रिटिश रॉक बँडच्या थॉम यॉर्कने त्याच्या दुसऱ्या बँडचं संगीत स्पॉटिफायवरून काढून घेतलं होतं, नव्या कलाकारांना इथे काहीच मिळत नाही म्हणून. आरडाओरडा बराच झाला, मग वर्षाच्या शेवटी स्पॉटिफायने स्वतःच सांगून टाकलं की एका स्ट्रीममागे, म्हणजे गाणं एकदा वाजण्यामागे, सरासरी ०.००६ ते ०.००८४ डॉलर जातात. आकडा जाहीर झाला तशी दोन्ही बाजूंनी भांडणं सुरू, एक म्हणतो बघा किती कमी, दुसरा म्हणतो अहो पण जमेल हळूहळू. वुल्फपेकने त्या भांडणात पडायच्या ऐवजी कॅल्क्युलेटर घेतला.

गणित असं. स्पॉटिफाय ३० सेकंद वाजल्यावर एक स्ट्रीम मोजतं. गाणं ३१ सेकंदांचं असो की नऊ मिनिटांचं, मोजणी एकच. म्हणजे ३१-३२ सेकंदांचा ट्रॅक हा त्या नियमात बसणारा जवळपास सगळ्यात छोटा माल. दर त्यांनी अर्धा सेंट धरला, जाहीर आकड्यापेक्षाही कमी. सात तास झोपलात तर एका रात्रीत जवळपास ८०० ट्रॅक वाजतात, ८०० गुणिले अर्धा सेंट म्हणजे चार डॉलर. तेव्हाच्या भावाने अडीचशे रुपयांच्या आतबाहेर, एका माणसाचे, एका रात्रीचे, तेही घोरत असताना! हेच चार डॉलर त्याच माणसाकडून त्यांची खरी गाणी ऐकवून काढायचे म्हटले तर त्याने दोन-तीन दिवस दुसरं काही न करता फक्त वुल्फपेक ऐकत बसायला हवं होतं.

पैसे कुठून येतात हे इथे थांबून समजून घ्यायला हवं, कारण पुढचा सगळा वाद त्यावर आहे. प्रत्येक स्ट्रीमला स्पॉटिफाय स्वतःच्या खिशातून अर्धा सेंट काढून देतं असं नाहीये. सबस्क्रिप्शन आणि जाहिरातींचा जो पैसा जमतो त्यातला दोन-तृतीयांशाच्या आसपासचा भाग एका मोठ्या पातेल्यात जातो आणि एकूण स्ट्रीमपैकी तुमचे किती, त्या हिशेबाने वाटणी होते. आपल्याकडच्या दूध डेअरीसारखं समजा, सगळ्यांचं दूध एकाच टाकीत, पैसे लिटरवर. फरक एवढाच की गावच्या डेअरीत निदान फॅट बघतात, डिग्री लावतात, पाणी घातलं असेल तर संकलन केंद्रावरच कॅन परत पाठवतात. स्पॉटिफायकडे २०१४ मध्ये फॅट मोजायचं मशीनच नव्हतं, फक्त लिटर मोजायचे. आणि वुल्फपेकने सरळ पाण्याचा कॅन आणून ठेवला, वर 'पाणी' अशी मोठ्या अक्षरात चिठ्ठी लावून.

ती चिठ्ठी मला महत्त्वाची वाटते. लपवाछपवी कुठेच नव्हती, आल्बममध्ये काय आहे, कशासाठी आहे, पैसा कुठे जाणार, सगळं पहिल्याच दिवशी व्हिडिओत सांगितलेलं. त्यामुळे बातमी झाली, आणि बातमी झाल्यामुळे ज्यांना फंक म्हणजे काय ते माहीत नव्हतं त्यांनीसुद्धा गंमत म्हणून रात्री आल्बम लावला. मागणी पण बघा किती हुशारीने केलेली. 'आमचं गाणं शेअर करा', 'लाइक करा', 'सपोर्ट करा' हे ऐकून लोक कंटाळलेत, तेव्हाही कंटाळले होते. इथे मागितलं काय तर तुम्ही रोज जे करताच, झोपता, तेच करा. खर्च शून्य, कष्ट शून्य, वर आपण कुठल्यातरी कटात सामील आहोत असा आनंद. एखाद्या जाहिरात कंपनीला लाखो रुपये देऊन असली कल्पना मिळाली नसती असं माझं मत आहे.

स्पॉटिफायचं पहिलं उत्तरही मजेशीर होतं. त्यांच्या प्रवक्त्याने सांगितलं की युक्ती हुशार आहे पण आम्हाला या बँडचे आधीचे आल्बम जास्त आवडतात, हा जॉन केजची नक्कल वाटतो. (केज म्हणजे १९५२ मध्ये साडेचार मिनिटांच्या शांततेची रचना करणारा अमेरिकन संगीतकार.) म्हणजे विनोदाला विनोदाने उत्तर. पण आल्बम काही आठवडे वाजत राहिला, आकडे फुगत गेले, आणि एप्रिलच्या शेवटी विनोद संपला. कंटेंटच्या अटींमध्ये बसत नाही म्हणून आल्बम काढला गेला. बँडने त्यावर काय केलं? पत्रक काढलं, पण ते पण स्पॉटिफायवरच, तीन ट्रॅकचा एक छोटा रेकॉर्ड म्हणून. पहिल्या ट्रॅकमध्ये स्ट्रॅटन बोलतो, मधला ट्रॅक परत शांत, शेवटचा निरोपाचा. म्हणजे आल्बम काढल्याचं दुःख सांगायचे पण स्ट्रीम मोजले जाणार!

जमा झाले जवळपास २०,००० डॉलर, तेव्हाचे बारा लाख रुपये. अर्ध्या सेंटच्या दराने बघितलं तर चाळीस लाख स्ट्रीम, एक सूरही न वाजवता. स्पॉटिफायने पैसे अडवले नाहीत, आणि बँडने शब्द पाळला, २०१४ च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेतल्या काही शहरांत शो केले, तिकीट नाही. इथे थोडं थांबून विचार करा, बारा लाख हा चौघांच्या अमेरिकेतल्या टूरला काही फार मोठा आकडा नाही, विमान किंवा गाडी, हॉटेल, हॉल धरले की संपतोच. पैशासाठी केलं असतं तर एवढ्यावर समाधान मानण्यासारखं काही नव्हतं. मिळालं ते वेगळंच. फुकट शोला आलेला माणूस रात्र रात्र फोन चार्जिंगला लावून, शांतता वाजवून तिथे पोचला होता, त्याच्या डोक्यात तो प्रेक्षक नव्हताच, टूरचा भागीदार होता. असा माणूस पुढच्या वेळी तिकीट काढून येतो आणि सोबत दोघांना आणतो.

आता पाण्याच्या कॅनकडे परत येऊ, कारण ते सोडून देणं बरोबर नाही. टाकी एकच असेल तर वुल्फपेकला मिळालेले २०,००० डॉलर कोणाचे? स्पॉटिफायचे फार नाहीत, ते आपला वाटा आधीच बाजूला काढतात. गेले ते बाकीच्या सगळ्या कलाकारांच्या वाट्यातून, प्रत्येकाचा अगदी कणभर, त्यात मोठ्या लेबलांचा जास्त आणि कोपऱ्यातल्या एखाद्या होतकरू गायिकेचा पण थोडासा. त्या वर्षी स्पॉटिफायचे पैसे भरणारे ग्राहक जगभरात एक कोटी होते, टाकी मोठी होती, त्यामुळे कोणाला जाणवलं नाही. पण हेच पन्नास बँडनी केलं असतं, पाचशेंनी केलं असतं तर? माझ्या मते एकदाच, चिठ्ठी लावून, सगळ्यांसमोर केलेला प्रकार म्हणून तो माफ आहे, आणि त्याने सिस्टिममधलं भोक जितकं स्वच्छ दाखवलं तितकं यॉर्कच्या रागानेही दाखवलं नव्हतं. दुसऱ्या कोणी तेच परत केलं असतं तर मी त्याला चोरीच म्हटलं असतं. हे मत सगळ्यांना पटणार नाही, चालेल.

आणि बाकीच्यांनी केलंच की, फक्त चिठ्ठी न लावता. पुढच्या दहा वर्षांत पावसाचा आवाज, पंख्याचा आवाज, व्हाइट नॉइज (एकसारखा 'शूऽऽ' आवाज) यांचे ३०-३५ सेकंदांचे तुकडे करून ढिगाने अपलोड व्हायला लागले, झोपणारा माणूस रात्रभर पाऊस लावतो आणि प्रत्येक अर्ध्या मिनिटाला कोणाच्यातरी खात्यात स्ट्रीम पडतो. म्हणजे स्लीपिफायच, पण विनोद काढून टाकलेला. शेवटी २०२३ च्या अखेरीस स्पॉटिफायने फॅटचं मशीन आणायचं ठरवलं आणि २०२४ पासून ते लागू झालं. असल्या आवाजाच्या ट्रॅकना पैसे हवे असतील तर लांबी किमान दोन मिनिटं, आणि शांततेचे ट्रॅक पण यातच धरलेत. कुठल्याही ट्रॅकला मागच्या बारा महिन्यांत १,००० स्ट्रीम झाले नसतील तर रॉयल्टी नाही. खोटे स्ट्रीम पकडले गेले तर लेबलला किंवा डिस्ट्रिब्युटरला (बँडची गाणी स्पॉटिफायवर चढवणारी कंपनी) गाण्यामागे दंड. यातला हजाराचा नियम लहान बँडच्या मुळावर येतो असं मला वाटतं, पाणी घालणाऱ्यांना पकडायला निघाले आणि ज्याच्याकडे एकच म्हैस आहे त्याचं पण दूध परत पाठवलं. त्याच वर्षी, सप्टेंबर २०२४ मध्ये, अमेरिकेत एका माणसावर खटला दाखल झाला, आरोप असा की त्याने एआयकडून लाखो गाणी बनवून घेतली, बॉट, म्हणजे माणसाऐवजी गाणी वाजवणारे प्रोग्राम, लावून वाजवली आणि एक कोटी डॉलरच्या वर रॉयल्टी उचलली. स्लीपिफायचे वीस हजार त्यापुढे चहापाणी म्हणायचे.

वुल्फपेकचं पुढे काय झालं हे मात्र या प्रकरणाचा अर्धा भाग आहे, आणि लोक तो सांगत नाहीत. ३० सेकंदांच्या त्या नियमाने एकंदर पॉप गाण्याचा आकार बदलला, सुरुवातीचे लांब इंट्रो गेले, हूक म्हणजे डोक्यात बसणारी ओळ पहिल्या काही सेकंदांत आली, गाणी आखूड झाली, पुढे टिकटॉक आल्यावर तर अख्खं गाणं पंधरा सेकंदांच्या तुकड्याभोवती बांधायची पद्धत पडली. ज्या बँडला हा नियम सगळ्यात आधी आणि सगळ्यात चांगला कळला होता, त्याने त्याचा वापर स्वतःचं संगीत बदलायला केला नाही. ते आपले खोलीत बसून फंक वाजवत राहिले. २०१६ मध्ये त्यांचं 'डीन टाउन' आलं, त्यात शब्दच नाहीत, साडेतीन मिनिटं बास धावतो. लाइव्ह शोमध्ये लोक काय करतात तर तो बास गातात, शब्द नाहीत तर नाहीत, हजारो लोक 'डा डा डा' करत एका वाद्याची अख्खी ओळ सुरात म्हणतात. ट्रेंडच्या कुठल्याच वहीत न बसणारी गोष्ट.

२८ सप्टेंबर २०१९ ला हाच बँड न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये वाजला, हाउसफुल. तोपर्यंतही मॅनेजर नाही आणि मोठं लेबल नाही. तिथे पोचायच्या मधल्या पाच वर्षांत त्यांनी बरंच काय काय केलं, प्रत्येक वेळी एखादं नवीन टूल घेऊन ते उलटंपालटं करून बघायचं. चाहत्यांकडून आगाऊ पैसे घेऊन आल्बम, आधी ऑर्डर घेऊन मग छापलेल्या रेकॉर्ड, आणि एक कॉम्प्रेसर प्लगइन (आवाजाचे चढउतार आवळणारं सॉफ्टवेअर), जो गुडहर्ट्झ या कंपनीबरोबर काढला आणि घरी रेकॉर्डिंग करणाऱ्या लोकांना विकला. म्हणजे ज्यांना त्यांच्यासारखं वाजायचंय त्यांनाच अवजार विकायचं. ही कल्पना आपल्याकडच्या बँडना का सुचत नाही कोण जाणे, ढोलताशाचे, संबळाचे, दिमडीचे नीट रेकॉर्ड केलेले सॅम्पल विकत घ्यायला जगभरात प्रोड्युसर तयार असतील असं मला कायम वाटतं.

२०२० मध्ये तर कमाल केली. नवीन आल्बममधली दहाव्या ट्रॅकची जागा ईबे या खरेदी-विक्रीच्या साइटवर लिलावात काढली, जो जास्त बोली लावेल त्याचं गाणं आमच्या आल्बममध्ये, जे असेल ते. ७०,१०० डॉलरला ती जागा अर्थक्वेक लाइट्स नावाच्या बँडने घेतली आणि त्यांचं गाणं खरोखर आल्बमच्या शेवटी आलं. प्लेलिस्टमध्ये जागा मिळवून देतो म्हणून नवीन बँडकडून गुपचूप पैसे घेणारे दलाल जगभर आहेत, यांनी तोच व्यवहार चव्हाट्यावर, बोली लावून केला. परत तीच चिठ्ठी लावायची सवय. कोणाला हे थोर वाटेल, कोणाला निर्लज्ज, मला दोन्ही वाटलं.

आता आपल्याकडे हे चालेल का. स्पॉटिफाय भारतात आलं २०१९ च्या फेब्रुवारीत, महिन्याला ११९ रुपयांपासून, आणि आपल्याकडे जाहिराती सहन करून फुकट ऐकणारेच जास्त, त्यामुळे टाकीत मुळात पैसा कमी आणि एका स्ट्रीमचा दर अमेरिकेच्या कितीतरी खाली. म्हणजे सात तास झोपून चार डॉलर हा हिशेब इथे पहिल्याच रात्री कोसळतो. त्यात आता एखाद्या मराठी बँडने मित्रमंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर 'रात्री म्यूट करून लावून ठेवा रे' असा मेसेज टाकला तर ते खोट्या स्ट्रीममध्ये धरलं जाण्याची शक्यता आहे, दंड डिस्ट्रिब्युटरला बसेल, डिस्ट्रिब्युटर तो तुमच्या खात्यातून वळता करून घेईल, वर गाणंच उतरवेल. करारात ते कलम असतं, सही करायच्या आधी वाचा, नाहीतर 'हजार स्ट्रीम गॅरंटी' म्हणून पॅकेज विकणाऱ्या कोणाला पैसे देऊन बसाल आणि सगळं गाणं गमवाल. असली पॅकेजं बहुतेक बॉटवरच चालतात.

स्लीपिफायमधला जो भाग आजही जसाच्या तसा उचलता येतो तो म्हणजे शहरांचा. जिथे जास्त वाजेल तिथे येऊ असं ते म्हणाले तेव्हा ती घोषणा होती, आता स्पॉटिफायच्या आर्टिस्ट खात्यात आणि यूट्यूब स्टुडिओत कुठल्या शहरात किती लोक ऐकतायत हे फुकट दिसतं. तरी आपले बँड काय करतात, पुणे, ठाणे, मुंबई, परत पुणे, कारण ओळखीचे हॉल तिथेच. एकदा तो शहरांचा तक्ता उघडून बघा, आणि पहिल्या तीन नावांच्या खाली सरकून बघा. समजा तिथे नागपूर दिसलं, बंगळुरू दिसलं, दुबई दिसलं, तर तिथल्या लोकांना उघड विचारा की एवढे जण येणार असाल, एवढी वर्गणी जमणार असेल तर आम्ही येतो, जमलेला आकडा आणि खर्चाचा हिशेब दोन्ही रोज पोस्ट करा. एसटीचं तिकीट, साउंडवाल्याचे पैसे, हॉलचं भाडं, सगळं मांडून.